दुसऱ्याचा पेपर मांडताना

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाला सेमिनार नावाचा एक विषय असतो. दर आठवड्याला एकेक विद्यार्थी दुसऱ्या कुणाचा तरी, बहुधा आधीच गाजलेला, पेपर निवडतो आणि वर्गापुढे समजावून सांगतो. एका विद्यार्थिनीने विचारलं आहे की याला मराठीत म्हणायचं काय? 'मी शोधनिबंध सादर केला' म्हटलं की लोक अभिनंदन करतात, कारण त्यांना निबंध तिचाच वाटतो. 'पेपर वाचला' म्हटलं तर घरी बसून वाचला असं वाटतं. शिवाय बोलताना 'आम्ही दाखवलं आहे' म्हणायचं की 'लेखकांनी दाखवलं आहे', यावरून वर्गात दोन तट आहेत.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. नाम 'पेपर'च राहू द्या, क्रियापद 'मांडणे' घ्या, आणि खरी काळजी सर्वनामाची करा. नामात किंवा क्रियापदात गफलत झाली तर एका प्रश्नाने खुलासा होतो. सर्वनाम घसरलं तर पाऊण तास ऐकूनही कुणाचं काय ते कळत नाही.

'पेपर' हा शब्द मराठीत आधीच भलताच कामसू आहे. सकाळी दारात पडतो तो पेपर, परीक्षेत अवघड जातो तो पेपर, फुटतो तोही पेपर. 'पेपर टाकला' या एका वाक्याचे तर निदान तीन अर्थ निघतात. मुलाने घरोघर वर्तमानपत्र टाकलं, कंपनीतल्या माणसाने राजीनामा दिला, किंवा संशोधकाने परिषदेकडे आपलं लेखन धाडलं. तरी गोंधळ होत नाही, कारण संदर्भ सांभाळून घेतो. प्रयोगशाळेत 'कुठला पेपर घेतलास?' असं कुणी विचारलं तर वर्तमानपत्राचं नाव कुणी सांगणार नाही. अनेकवचन 'दोन पेपर' असंच होतं, 'पेपर्स'ची गरज नाही. सामान्यरूपात मात्र एक गंमत दिसते. वर्तमानपत्र म्हटलं की आपण सहज 'पेपरात आलंय' म्हणतो, पण संशोधनाच्या पेपरबद्दल 'पेपरमध्ये' किंवा 'पेपरवर' जास्त ऐकू येतं. जुना पाहुणा घरचा झाला, नवा अजून ओसरीवर आहे. दोन्ही रूपं चालतील, फक्त एकाच अहवालात दोन्ही मिसळू नका.

'शोधनिबंध' शब्द चांगला आहे, लेखी मराठीत रुळलेलाही आहे. पण संगणकशास्त्राच्या सेमिनारात जे जे पेपर म्हणून मांडलं जातं ते सगळं त्यात बसत नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांचं 'गो टू' विधानाविरुद्धचं (प्रोग्रॅमला एकदम दुसऱ्या जागी उडी मारायला लावणारी ती आज्ञा) १९६८चं प्रसिद्ध लेखन घ्या. सगळे त्याला पेपर म्हणतात, पण छापलं गेलं ते संपादकांना पत्र म्हणून, आणि त्याचं गाजलेलं शीर्षकसुद्धा संपादक निक्लाउस विर्त यांनी दिलेलं. त्याला शोधनिबंध म्हणायला जीभ अडखळते. आणखी एक: धर्मशास्त्रात 'निबंध' म्हणजे अनेक ग्रंथांतली वचनं गोळा करून विषयवार लावलेला संग्रह. तेराव्या शतकातल्या हेमाद्रीचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्या अर्थाने निबंधग्रंथ. त्या जुन्या अर्थाने पाहिलं तर आज ज्याला सर्व्हे पेपर, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा घेणारा पेपर, म्हणतात तोच अस्सल निबंध ठरतो, आणि नवं काही शोधून लिहिलेला पेपर निबंध ठरतच नाही! अर्थात भाषा व्युत्पत्तीच्या हुकमाने चालत नसते. बाहेरच्या वाचकासाठी लिहिताना 'शोधनिबंध' लिहा, वर्गात बोलताना 'पेपर' म्हणा.

आता 'सादर'. हा संस्कृतातला स-आदर, म्हणजे आदरासह, असं आपण धरून चालतो. पण पेशवाईतली पत्रं वाचणाऱ्यांना दुसराही 'सादर' भेटतो. 'हे पत्र सादर केले असे', 'आज्ञा सादर झाली'. हा अरबी-फारसीकडून आलेला, आणि त्याचा अर्थ 'जारी झालेला'. तो वरून खाली यायचा, हुजुरातून कमाविसदाराकडे, म्हणजे महसुली अंमलदाराकडे. आजचा सादर खालून वर जातो: अहवाल सादर, अर्ज सादर, प्रबंध सादर. एकाच रूपाचे दोन शब्द, आणि दोघांची वाट उलटी. पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे. जो सादर करतो त्याची त्या कागदावर जबाबदारी असते. म्हणूनच 'शोधनिबंध सादर केला' म्हटल्यावर लोक लेखकपण तुमच्या गळ्यात घालतात. त्यात ऐकणाऱ्यांचा दोष नाही. कलेच्या बाबतीत 'सादर' सैल आहे. गायिका दुसऱ्याची बंदिश सादर करते आणि कुणाचा गैरसमज होत नाही. विद्येच्या व्यवहारात ती सैल वापरणी अजून आलेली नाही. येऊ नये असंच मला वाटतं.

'पेपर वाचणे'ची गोष्ट निराळी. संस्कृत 'वाचयति' म्हणजे बोलायला लावतो. अक्षरांना बोलतं करणं ते वाचणं. मराठीत पोथी वाचायची ती मोठ्याने, चारचौघांत. मुक्याने वाचणं हा नंतरचा मामला. तेव्हा परिषदेत 'पेपर वाचला' हा प्रयोग इंग्रजी वळणाचा असला तरी मराठीच्या जुन्या अर्थाला धरूनच आहे. आणि वाचणारा लेखकच असला पाहिजे असाही नियम नव्हता. विद्वत्सभांमध्ये चिटणीस दुसऱ्यांचे पेपर वाचून दाखवत. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचं नैसर्गिक निवडीवरचं लेखन वाचलं गेलं तेव्हा दोघांपैकी एकही सभेत हजर नव्हता. तरी आजच्या सेमिनारला 'वाचणे' नको, कारण तिथे वाचून दाखवणं हाच मोठा दोष मानला जातो. स्लाइडवरची वाक्यं जशीच्या तशी वाचणारा विद्यार्थी आणि पेंगणारा वर्ग हे दृश्य जगात कुठेही सारखंच. ('वाचणे'चा दुसरा अर्थ मात्र सेमिनारला चपखल बसतो. प्रश्नोत्तरं संपली की सगळेच म्हणतात, वाचलो!)

मग 'मांडणे' का? एक तर हा घरचा शब्द आहे, संस्कृत 'मण्ड्'वरून प्राकृतामार्गे आलेला, आणि त्याला काहीही वर्ज्य नाही. पाट, पसारा, हिशेब, संसार, खेळ, गाऱ्हाणं, सगळं मांडता येतं. दुसरं असं की गणित मांडणारा आणि सोडवणारा वेगळे असू शकतात. वकील अशिलाची बाजू मांडतो, ती त्याची स्वतःची असते असं कुणी समजत नाही. म्हणजे मांडण्यात कौशल्य मांडणाऱ्याचं आणि मालमत्ता दुसऱ्याची, ही सोय या क्रियापदात आधीपासून आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. 'कॉड यांनी १९७० साली रिलेशनल मॉडेल मांडलं' या वाक्यात (माहिती तक्त्यांच्या रूपात साठवायची ती रीत) मांडणारा जनकच असतो. तेव्हा कर्माकडे लक्ष द्या. सिद्धान्त, कल्पना, मॉडेल, पद्धत ही कर्मं असतील तर मांडणारा त्यांचा जनक ठरतो. पेपर, बाजू, म्हणणं ही कर्मं असतील तर ठरत नाही. म्हणून 'मी रिलेशनल मॉडेल मांडलं' म्हणू नका, कॉड यांचा वारसा सांगितल्यासारखं होईल. 'मी कॉड यांचा पेपर मांडला' म्हणा.

कुणी 'निरूपण' सुचवेल. कीर्तनात अभंग संतांचा आणि उलगडा कीर्तनकाराचा, हे सर्वांना ठाऊक असतं, तेव्हा नातं बरोबर तेच आहे. पण निरूपणात अभंगाला शंका विचारायची नसते. सेमिनारात ती विचारलीच पाहिजे: प्रयोग पुरेसे केले का, तुलना कमकुवत पद्धतीशी केली का, गृहीतकं कुठे लपली आहेत? 'टीका' शब्द एकेकाळी दोन्ही करायचा. भावार्थदीपिका, म्हणजे ज्ञानेश्वरी, ही गीतेवरची टीकाच. आज मात्र 'पेपरवर टीका केली' म्हटलं तर ठोकून काढला असाच अर्थ होईल. शास्त्रचर्चेतला 'पूर्वपक्ष' मला जास्त जवळचा वाटतो. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी त्यालाही मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचं, मग उत्तरपक्ष. चांगल्या सेमिनारची घडण अशीच असते. पण सूचनाफलकावर 'पूर्वपक्ष' लिहिलं तर पितृपंधरवडा समजून वर्ग रिकामा राहायचा.

'सेमिनार'बद्दल थोडक्यात. मूळ लॅटिन अर्थ रोपवाटिका. मराठी पर्याय 'चर्चासत्र' आहे, पण त्याने डोळ्यांसमोर दिवसभराचा कार्यक्रम आणि पाच-सात वक्ते येतात. शिवाय विद्यापीठात सहामाहीलाही सत्रच म्हणतात, त्यामुळे 'या सत्रातलं चर्चासत्र' अशी कसरत होते. विद्यार्थ्यांनी वाट शोधलेली आहे: 'उद्या माझा सेमिनार आहे', 'तिने काल सेमिनार दिला'. इथे सेमिनार म्हणजे सभा नव्हे, तर एकाने दिलेलं व्याख्यान. मूळ शब्दाच्या मानाने हा अर्थ बराच सरकलेला आहे, पण त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. 'लॅम्पोर्ट यांच्या पेपरवर सेमिनार दिला' या वाक्यात (लॅम्पोर्ट हे संगणकशास्त्रज्ञ) कुणाचं काय ते लख्ख कळतं.

आता सर्वनामं. इंग्रजी पेपरात एकच प्रथमपुरुषी अनेकवचन सगळीकडे वापरलेलं असतं. 'नवी पद्धत सुचवतो' तिथेही तेच, 'आता समीकरण तीन पाहू' तिथेही तेच. मराठीला ते परवडत नाही. आपल्याकडे 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो आणि 'आपण'मध्ये असतो. 'आम्ही ही पद्धत सुचवतो' आणि 'आता आपण समीकरण तीन पाहू' ही फोड आपल्याला करावीच लागते. इथे मराठी इंग्रजीपेक्षा काटेकोर आहे. विद्यार्थी पेपरचं जसंच्या तसं मनात भाषांतर करत बोलतो आणि हा काटेकोरपणा वाया घालवतो. 'आम्ही दहा लाख नोंदींवर चाचणी केली' असं तो म्हणाला की मागच्या बाकावरून प्रश्न येतो, तुम्ही केली? भरीला 'आपण'चा तिसरा अर्थ, आदरार्थी 'तुम्ही', आहेच. प्राध्यापकांकडे पाहत 'आपण हे सिद्ध केलं आहे' म्हटलं तर ते दचकतील.

म्हणून नियम सोपा ठेवा. पेपरात जे झालं ते 'लेखकांनी'. वर्गात आत्ता जे चाललंय ते 'आपण'. आणि तुम्ही स्वतः जे केलं ते 'मी', न लाजता. पुष्कळ विद्यार्थी मूळ प्रयोग पुन्हा करून पाहतात, आलेख नव्याने काढतात, आणि मग विनयाने 'इथे असं दाखवलं आहे' म्हणतात. मराठीत कर्ता गाळणं इतकं सहज जमतं की गाळला हे बोलणाऱ्याला कळतही नाही. कुणी दाखवलं? लेखकांनी की तुम्ही? 'डावा आलेख लेखकांचा, उजवा मी काढलेला' एवढं म्हटलं की भागतं.

एकट्या लेखकाचं 'आम्ही' ही आणखी एक अडचण. वितरित प्रणालींतल्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अनेक संगणकांतल्या, घटनांच्या क्रमाबद्दलचा लॅम्पोर्ट यांचा १९७८चा पेपर एकट्याचा आहे, पण आत सर्वनाम अनेकवचनी. मराठीत एकट्याचं 'आम्ही' अग्रलेखाचं किंवा राजेशाहीचं वाटतं. तिथे सरळ 'लॅम्पोर्ट म्हणतात'. याच लॅम्पोर्ट यांनी पॅक्सॉसचा (अनेक संगणकांचं एकमत घडवण्याची ती पद्धत) पेपर लिहिताना उलट खेळ केला. तो प्राचीन ग्रीक बेटावरच्या संसदेचा शोध लागल्याच्या थाटात लिहिला, आणि काही व्याख्यानं पुराणवस्तुसंशोधकाचा वेश करून दिली. लोकांना विनोद कळला नाही. १९९०मध्ये पाठवलेला पेपर छापून यायला १९९८ उजाडलं. स्वतःचाच पेपर दुसऱ्याचा म्हणून मांडला की काय होतं, याचं हे उदाहरण मला फार आवडतं.

'लॅम्पोर्ट म्हणतो' की 'म्हणतात'? न्यूटन म्हणतो, युक्लिड म्हणतो, हे चालतं. काळाचं अंतर पडलं की आपण थोरांना एकेरीत घेतो. हयात संशोधकांना 'म्हणतात'च बरं. त्यात आणखी एक सोय अशी की लेखक स्त्री की पुरुष हे ठाऊक नसलं तरी 'म्हणतात' आणि 'यांनी दाखवलं' दोन्ही बिनधोक चालतात. अनेक लेखक असतील तर 'प्रभृती', म्हणजे 'आणि इतर', हा छान शब्द पडून आहे, तो वापरा. ट्रान्सफॉर्मर ही आजच्या भाषिक एआयच्या मुळाशी असलेली रचना मांडणाऱ्या २०१७च्या पेपरचे आठ लेखक आहेत, आणि नावांचा क्रम यादृच्छिक असल्याचं त्यांनीच तळटीपेत लिहिलंय. तिथे 'वासवानी यांचा पेपर' म्हणणं बाकी सातांवर अन्याय आहे. 'वासवानी प्रभृतींचा' म्हणा.

क्रियापदांतही हीच सावधगिरी हवी. प्रमेय असेल तर 'सिद्ध केलं', प्रयोग असेल तर 'आढळलं' किंवा 'दिसून आलं', नुसतं विधान असेल तर 'लेखकांचं म्हणणं असं'. 'दावा केला' जपून वापरा, त्यात मराठी कानाला संशयाचा वास येतो. आणि 'म्हणे' तर पूर्णच टाळा. 'ही पद्धत दुप्पट वेगवान आहे म्हणे' या वाक्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांनी लेखकांची सगळी मेहनत उडवून लावली जाते. तसा विचार असेलच तर तो प्रश्नोत्तरांत, कारणांसकट करा.

राहिली पहिली स्लाइड. तिच्यावर पेपरचं नाव, मूळ लेखकांची नावं आणि वर्ष एकत्र लिहा, आणि खाली वेगळ्या ओळीत 'मांडणी:' लिहून तुमचं नाव. विभागाच्या ठरीव नमुन्यात 'सादरकर्ती' असा रकाना असेल तर त्यात नाव भरायला हरकत नाही, पण मग शीर्षकातच 'लॅम्पोर्ट यांच्या १९७८च्या पेपरविषयी' असं येऊ द्या. पेपरच्या सुरुवातीच्या परिच्छेदाला 'गोषवारा' म्हणा. हिशेबाच्या कागदांतून आलेला हा शब्द 'सारांश'पेक्षा नेमका आहे, आणि तुमच्या स्वतःच्या शेवटच्या स्लाइडसाठी 'सारांश' मोकळा राहतो.