संग्रहालयाच्या कार्यकारी मंडळावर नव्याने आलो आहे. ‘हितधारक मूल्य’ आणि ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या एका संग्रहालयाच्या कार्यकारी मंडळावर तुमची नुकतीच नेमणूक झाली. पहिल्याच सभेत सल्लागाराने ‘हितधारक मूल्या’चा तक्ता दाखवला, त्यात वर्तुळं होती, बाण होते. पुढच्या सभेत ‘ज्ञान व्यवस्थापन प्रणाली’ विकत घेण्याचा ठराव येतोय. हात वर करायचा की नाही, हे तुम्हाला कळत नाहीये.

माझं ऐकाल तर ठराव एक सभा पुढे ढकलायला सांगा. तोवर दोन गोष्टी मागवून घ्या: दाखल नोंदवही, म्हणजे संग्रहात आलेली प्रत्येक वस्तू जिच्यात चढवतात ती वही, आणि मंडळाच्या सभांची गेल्या पाच वर्षांची इतिवृत्तं.

मी अशाच एका संस्थेच्या दप्तरात एकोणीस वर्षं काढली. शेवटची सहा वर्षं मंडळाच्या सभांचं इतिवृत्त मीच लिहायचो, त्यामुळे ते वाचायचं कसं एवढं नक्की सांगू शकतो. ‘सविस्तर चर्चा झाली’ असं दिसलं की समजा, भांडण झालं होतं. ‘नोंद घेण्यात आली’ म्हणजे कुणी काही करणार नव्हतं. आणि महत्त्वाचे निर्णय शोधायचे असतील तर ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या कलमाखाली बघा. तिथे आधी कागद वाटावे लागत नाहीत, आणि कागदच नसला की प्रश्नही येत नाहीत. एखादा विषय सलग तीन सभांत ‘पुढील सभेत’ गेला असेल तर त्यावर खूण करून ठेवा. तुमचं काम तिथून सुरू होतं.

नोंदवहीची गोष्ट जरा सावकाश सांगतो.

आमचे भांडारपाल निवृत्त झाले. सगळे त्यांना काका म्हणायचे. निरोपाची भाषणं झाली, किल्ल्यांचा जुडगा सही घेऊन ताब्यात घेतला, आणि ‘कार्यभार हस्तांतर पूर्ण’ असं मीच फायलीत लिहिलं. तीन महिन्यांनी एक अभ्यासक बाई एका जुन्या देणगीतला पत्रव्यवहार बघायला आल्या. नोंदवहीत नोंद होती. अनुक्रमांक, तारीख, वर्णन ‘पत्रे, एक गठ्ठा’, सगळं सुवाच्य अक्षरात. शेवटचा रकाना ठिकाणाचा. त्यात लिहिलं होतं, ‘तिथेच’. वरच्या नोंदीतही ‘तिथेच’. असं करत दोन पानं मागे गेल्यावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: ‘मागची खोली, मोठी पेटी’. मागच्या खोलीतून ती पेटी केव्हाच गेली होती.

नऊ दिवस शोधून थकलो तेव्हा काकांना फोन केला. ते आले, सरळ नकाशांच्या कपाटापाशी गेले, खालून दुसरा खण ओढला आणि नकाशांच्या तळातून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. छताला ओल आली त्या वर्षी तो तिथे हलवला होता, कारण ते कपाट भिंतीपासून हातभर लांब होतं. मी जरा चिडूनच म्हणालो, अहो काका, लिहून का नाही ठेवलंत? ते म्हणाले, “दिलं होतं की लिहून. ‘पाहिले’ अशी सही होऊन परत आलं.”

तो कागद मला पुढे सापडला. आवक क्रमांकासकट. ओल कुठे आली, कोणकोणत्या वस्तू कुठून कुठे हलवल्या, याची पाठपोट यादी, एकेचाळीस नगांची. खाली ‘पाहिले’, आडवी सही, तारीख. तो मंडळापुढे गेलाच नाही. त्याच वर्षाच्या इतिवृत्तात इमारतीबद्दल एक ओळ आहे: ‘इमारतीची स्थिती समाधानकारक.’

कारभार नीट चालतो की नाही, हे मी तेव्हापासून याच एका गोष्टीवरून ताडतो. भांडारात माहीत असलेली नकोशी गोष्ट मंडळाच्या विषयपत्रिकेवर कुठल्या वाटेने येते? वाटेत ती कोण अडवू शकतं? आणि ती आणणाऱ्याचं पुढे काय होतं? धोरणांच्या चकचकीत पुस्तिका यानंतर वाचायच्या. नाही वाचल्या तरी फारसं बिघडत नाही.

हे लहान संस्थांचं रडगाणं आहे असं वाटत असेल तर ब्रिटिश म्युझियमचं बघा. संग्रह सुमारे ८० लाख वस्तूंचा, विश्वस्त मंडळ नामवंतांचं, पैशाची आणि तज्ज्ञांची वानवा नाही. २०२१ साली प्राचीन वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने त्यांना कळवलं की तुमच्या संग्रहातल्या वाटाव्यात अशा वस्तू इंटरनेटवर विकल्या जात आहेत. उत्तर गेलं की सगळं जागच्या जागी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये संग्रहालयालाच चोरीची बातमी जाहीर करावी लागली. गहाळ, चोरीला गेलेल्या किंवा खराब केलेल्या वस्तूंचा आकडा पुढे २,००० च्या आसपास गेला. संचालक हार्टविग फिशर पायउतार झाले आणि इशाऱ्यांना द्यायला हवा होता तसा प्रतिसाद दिला गेला नाही हे त्यांनी मान्य केलं. चोरी पचली कशी? त्यातल्या बऱ्याच वस्तूंची, म्हणजे सुटे रत्नखडे, दागिन्यांचे तुकडे यांची, एकेक करून नोंदच झालेली नव्हती. जी वस्तू वहीत नाही ती हरवली असं म्हणणार तरी कोण? त्यानंतर संपूर्ण संग्रह पाच वर्षांत ऑनलाइन आणण्याची योजना जाहीर झाली, त्यात २४ लाख नोंदी नव्याने चढवायच्या किंवा सुधारायच्या आहेत.

यातली मला खुपणारी गोष्ट चोरीपेक्षा वेगळी आहे. इशारा देणारा माणूस बाहेरचा होता. तुमच्या सल्लागाराच्या तक्त्यात असा माणूस कुठल्या वर्तुळात बसतो? बहुधा कुठल्याच नाही. तो देणगीदार नाही, कर्मचारी नाही, शासन नाही. पण त्याला तुमच्या संग्रहातलं असं काही माहीत होतं जे मंडळाला माहीत नव्हतं. ज्ञानाची देवाणघेवाण म्हटलं की आपण तज्ज्ञांनी लोकांना द्यायचं ज्ञान डोळ्यांपुढे आणतो: व्याख्यानं, फलक, पुस्तिका. उलट दिशेने येणाऱ्या ज्ञानासाठी मात्र दारावर ‘सूचना पेटी’ असते आणि तिची किल्ली कुणाकडे आहे ते आठवत नाही.

आता ‘हितधारक’. काही जण याला सर्रास ‘भागधारक’ म्हणतात आणि त्या एका शब्दाने बराच घोळ होतो. भागधारकाने पैसे घातलेले असतात आणि कंटाळा आला की तो भाग विकून मोकळा होतो. संग्रहालयाच्या हितधारकाला तशी सोय नाही. ज्याच्या आजोबांची पत्रं तुमच्या खणात आहेत तो कुठे जाणार? अजून जन्माला न आलेला अभ्यासक तर सभेला येऊच शकत नाही, आणि संग्रह खरं तर त्याच्यासाठीच राखायचा असतो. व्यवस्थापनाचे अमेरिकी अभ्यासक एडवर्ड फ्रीमन यांनी १९८४ साली ही कल्पना मांडली ती कंपन्यांसाठी; संस्थेवर ज्यांचा परिणाम होतो आणि संस्थेचा ज्यांच्यावर होतो ते सगळे हितधारक, अशी त्यांची व्यापक व्याख्या. सार्वजनिक संस्थेला ती जशीच्या तशी लावली की यादी संपत नाही, आणि सगळ्यांचं हित जपतो असं म्हणणाऱ्या मंडळाला कुणालाच ‘नाही’ म्हणता येत नाही.

हितसंबंध खरोखर एकमेकांवर आदळतात तेव्हा काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराचं. २०१३ च्या जुलैमध्ये त्या शहराने दिवाळखोरी जाहीर केली, देणी सुमारे १,८०० कोटी डॉलरची. तिथल्या कलासंग्रहालयाची इमारत आणि चित्रं शहराच्या मालकीची. धनकोंचं म्हणणं, विका. शहराच्या पैशाने घेतलेल्या चित्रांची किंमत क्रिस्टीज या लिलावसंस्थेने ४५ ते ८७ कोटी डॉलर धरली. दुसऱ्या बाजूला शहराचे हजारो निवृत्त कर्मचारी, त्यांचं निवृत्तिवेतन कापलं जाणार. भिंतीवर चित्र ठेवायचं की कचरा गाडीवर आयुष्य काढलेल्या माणसाला पैसे द्यायचे? याला कुठल्याही वर्तुळात उत्तर नाही.

तोडगा निघाला २०१४ मध्ये. धर्मादाय प्रतिष्ठानं, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी मिळून ८० कोटी डॉलरहून जास्त रकमेची हमी दिली. ती रक्कम निवृत्तिवेतन निधीत गेली, आणि बदल्यात संग्रह शहराच्या मालकीतून काढून ना-नफा संस्थेकडे सोपवला, म्हणजे पुढे कधी शहराची देणी भागवायला तो बाजारात येऊ नये. निवृत्तांचीही कपात झालीच, पण भीती होती त्यापेक्षा बरीच कमी, आणि त्यांनी त्यावर मतदान केलं. मला यातला उघड हिशोब आवडतो. कोण किती सोसणार हे आकड्यांत लिहिलं गेलं, आणि सोसणाऱ्याला विचारलं गेलं. शिवाय एक पूर्वपीठिका आहे, तिच्याकडे लक्ष जात नाही. दिवाळखोरीच्या आदल्याच वर्षी आसपासच्या तीन काउंटींतल्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या) मतदारांनी या संग्रहालयासाठी दहा वर्षं जादा मालमत्ता कर भरायला मतपेटीतून होकार दिला होता आणि त्या बदल्यात त्यांना प्रवेश मोफत झाला. ‘लोकांना हे हवंय’ असं संग्रहालय नुसतं म्हणत नव्हतं, मोजलेली मतं दाखवू शकत होतं. सार्वजनिक संस्थांच्या कारभाराचे अभ्यासक, हार्वर्डचे मार्क मूर १९९५ पासून सांगत आले तेही हेच: काम मोलाचं असावं, त्याला लोकमान्यता आणि पाठबळ असावं, आणि ते पार पाडायची कुवत संस्थेत असावी, तिन्ही एकदम.

व्याख्येच्या बाजूने विचाराल तर आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्रागमध्ये संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तिच्यात समाजाच्या सहभागाचा उल्लेख आहे आणि ज्ञानाची देवाणघेवाण हे शब्दही. त्याआधी तीन वर्षं, २०१९ मध्ये कियोतोत आधीच्या मसुद्यावर एवढे मतभेद झाले की निर्णयच पुढे ढकलावा लागला. व्याख्या वाचा, तासभर लागणार नाही.

सॉफ्टवेअरकडे वळतो. मी त्याच्या विरोधात नाही. पण ‘तिथेच’ हा शब्द संगणकात भरला तर तो फक्त जास्त वेगाने सापडेल. बीबीसीने १९८६ मध्ये, इंग्लंडच्या १०८६ सालच्या ‘डोम्सडे’ नोंदींना, म्हणजे देशभरच्या जमीन-मालमत्तेच्या पाहणीला, ९०० वर्षं झाली म्हणून, लाखो लोकांच्या मदतीने देशाचं नवं वर्णन लेझर तबकड्यांवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत त्या तबकड्या वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि माहिती सोडवायला वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. १०८६ ची कातड्यावरची वही मात्र उघडता येत होती. तेव्हा विक्रेत्याला एवढंच विचारा: आम्ही करार संपवला तर आमच्या नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळतील, आणि त्या तुमच्या प्रणालीशिवाय वाचता येतील का? उत्तर लेखी घ्या.

माणसांकडून माणसांकडे जाणाऱ्या ज्ञानाला तर प्रणाली पुरतच नाही. जपानमधलं इसेचं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, ६२ वी फेरी २०१३ मध्ये पुरी झाली. वीस वर्षांचं अंतर असं की पहिल्या खेपेला हाताखाली काम केलेला सुतार पुढच्या खेपेला स्वतः पुढे उभा राहतो. आपल्याकडच्या संस्थांत निवृत्त होणाऱ्याच्या जागी माणूस नेमला जातो तो पद रिकामं झाल्यावर, कधी वर्षभराने. दोघांची गाठच पडत नाही. प्रणालीसाठी ठेवलेल्या पैशातून भांडारपालाच्या निवृत्तीआधी सहा महिने त्याच्याबरोबर काम करणारा माणूस नेमता आला तर मी डोळे मिटून त्याला मत देईन. ठरावात हा बदल तुम्ही सुचवू शकता, फक्त अनुमोदक आधी शोधून ठेवा.

आणि एक चाचणी, ती तुम्ही याच आठवड्यात करू शकता. ब्रिटनमधल्या संग्रहालयांत ‘स्पेक्ट्रम’ नावाची कार्यपद्धती वापरतात. तिच्यात २१ प्रक्रिया आहेत, त्यांतल्या नऊ मूलभूत, आणि वस्तू आत्ता कुठे आहे याची नोंद ठेवणं त्या नऊंत येतं. तुम्ही एवढंच करा. नोंदवहीतून डोळे मिटून दहा क्रमांक निवडा आणि भांडारपालांबरोबर जाऊन त्या वस्तू बघा. मग उलट करा: कपाटातल्या कुठल्याही दहा वस्तू उचला आणि त्यांची वहीतली नोंद शोधा. दुसरा भाग जास्त बोलका असतो. न सापडलेल्या वस्तूंवरून भांडारपालांना धारेवर धरू नका. धरलंत तर पुढच्या खेपेला तुम्हाला सगळं सापडेल, आणि त्यातलं किती खरं ते कळणार नाही. त्यांना विचारा की मंडळाला त्यांनी शेवटचं काय लिहून कळवलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं.

वीसपैकी किती जुळले ते इथेच प्रतिसादात लिहा. मग ठरावाचा मसुदा बघू.