इंदूरमध्ये प्लेस्टेशन ५ (सोनीचं गेम खेळायचं यंत्र) आता घ्यावा का? आणि सोनी गेम स्टुडिओ का विकत घेते?
बिनधास्त घ्या. प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये आला, ५ आला नोव्हेंबर २०२० मध्ये. तरी ४ वर २०२२ सालीही सोनीचे मोठे गेम येत होते, म्हणजे नवं यंत्र आलं तरी जुनं लगेच अडगळीत जात नाही.

स्टुडिओंचं म्हणाल तर खरी गोम तिथेच आहे, कारण यंत्र विकलं जातं ते गेममुळे. इन्सोम्नियाक ही गेम बनवणारी कंपनी वर्षानुवर्षं सोनीसाठी गेम करत होती. तिचा २०१८ चा स्पायडर-मॅन हा गेम तुफान चालला आणि २०१९ मध्ये सोनीने ती विकतच घेतली. आधी सोबत काम, मग खरेदी. मला ही पद्धत फार पटते.

जेल रोडवर चौकशी कराल तेव्हा डिस्कवालंच मॉडेल मागा. ४ च्या बहुतेक डिस्क त्यावर चालतात, मित्रांकडूनही आणता येतात.