‘सबटायटल’ हवं की ‘कॅप्शन’?

प्रश्न असा आलाय: “माझी भाची कर्णबधिर आहे, मराठी शाळेत शिकते. मराठी सिनेमाच्या तिकीट खिडकीवर सबटायटल्सचं विचारलं, की ‘आहेत, इंग्रजीत’ असं उत्तर मिळतं. तिला जे हवंय त्याला मराठीत म्हणायचं काय?”

तुम्ही ‘मूकबधिर’ न लिहिता ‘कर्णबधिर’ लिहिलंत, हे फार बरं केलंत. खुणांच्या भाषेत घडाघडा बोलणारं माणूस मुकं कसं?

आता शब्दाकडे. ‘उपशीर्षक’ मला इथे मुळीच पटत नाही. लेखातल्या मोठ्या मथळ्याखालचा छोटा मथळा, तो उपशीर्षक. शिवाय सबटायटल असतं भाषा न कळणाऱ्यासाठी. त्याला ऐकू येतं हे धरूनच चाललेलं असतं, म्हणून स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली तरी खालची ओळ गप्प. कॅप्शन ती शिट्टीही लिहितं आणि पाठमोरं कोण बोललं तेही. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या १५ मार्च २०२४ च्या सूचनांमध्ये कॅप्शनच आहेत: ‘ओपन’ म्हणजे पडद्यावर सगळ्यांना दिसणारी, ‘क्लोज्ड’ म्हणजे हवी त्यालाच दिसणारी.

मूकपटांच्या काळात पडद्यावर पाट्या यायच्या. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ बघताना ऐकणारा आणि न ऐकणारा, दोघांनाही गोष्ट कळायची ती चित्रांतून आणि त्याच पाट्यांतून. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. गोष्ट तीच, हरिश्चंद्राचीच. पण पाट्या गेल्या आणि न ऐकणाऱ्याची गोष्ट तिथेच तुटली. म्हणून मला ‘ध्वनिपाटी’ हा शब्द सुचवावासा वाटतो. (नुसतं ‘मराठी पाट्या’ म्हटलं तर दुकानांच्या पाट्या डोळ्यांसमोर येतात.)

ध्वनिपाटी लिहायला मराठीइतकी श्रीमंत भाषा शोधून सापडायची नाही. ‘दाराचा आवाज’ असं कोरडं कशाला लिहायचं? दार करकरतं, धाडकन आपटतं, कडी खळकन पडते. पाऊस रिपरिपतो किंवा धो धो कोसळतो. ज्या मुलीने पाऊस कधी ऐकला नाही, तिलाही ‘रिपरिप’ गोष्टींच्या पुस्तकांतून ठाऊक असते: चिखल करणारी, थांबता न थांबणारी.

शब्द रुळेल तेव्हा रुळेल. तोवर खिडकीवर “मराठी कॅप्शन आहेत का?” असंच विचारा, आणि ‘मराठी’वर जोर द्या.