साडेचारशे फूट कोरडा बोअर आणि खात्रीचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : देकार्त हा फ्रेंच तत्त्वज्ञ वाचल्यापासून समोरचं टेबल खरं की स्वप्नातलं हेही ठरवता येईना, शंभर टक्के पक्कं काहीच नसेल तर 'मला माहीत आहे' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

देकार्तचं आधी उरकतो. १६४१ च्या ग्रंथात त्याने शंका घेतली ती पाया खणण्यासाठी. 'शंका घेणारा मी तरी आहे' एवढा खडक लागला आणि त्याने बांधकाम सुरू केलं. तुम्ही अजून खणताच आहात. (तो खडक खरंच पक्का का, हा वाद निराळा.)

आता आमच्या केज तालुक्यातलं. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा धरून शेतात फिरला. बांधाजवळ नारळ ताडकन उभा राहिला. "पाणी हाय म्हंजी हाय, मास्तर." रात्री बोअरची गाडी लागली. आधी मुरूम, मग काळा पाषाण, मग साडेचारशे फुटांपर्यंत नुसती करडी भुकटी. पापण्यांवरसुद्धा थर बसला. त्याच पाणाड्याने शेजाऱ्याला जागा दाखवली, तिथे मात्र १८० फुटांवर पाणी लागलं.

मग शेजाऱ्याच्या शेतात पाणी आहे हे पाणाड्याला 'माहीत होतं' का? खात्री होती, बोलणं खरंही ठरलं, तरी 'हो' म्हणवत नाही. आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाचा दाखला बघा : तहानलेला माणूस मृगजळामागे धावतो आणि नेमकं तिथेच खडकाखाली खरं पाणी निघतं. १९६३ मध्ये गेटियर या अमेरिकन तत्त्वज्ञाने तीनेक पानांत हीच पंचाईत पाश्चात्त्यांपुढे टाकली. म्हणजे पाण्यापर्यंत कसे पोचलात हे बघायचं, छातीठोकपणा नव्हे. आसपासच्या विहिरी मोजून, खडक बघून "शक्यता बरी आहे" एवढंच म्हणणाऱ्याची खात्री कमी, पण जाण जास्त.

शंकेचं म्हणाल तर न्यायदर्शनातल्या, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेतल्या, उदयनाने तिला हद्द घातली : व्याघातावधिराशङ्का, म्हणजे शंका चालायची ती आपल्याच वागण्याशी विरोध येईपर्यंत. धूर हवा म्हणून विस्तव पेटवणाऱ्याने 'विस्तवाने धूर होतो कशावरून?' असं विचारलं, तर त्याचे हातच त्याला खोटं पाडतात. तुम्हीही चहाचा कप त्याच संशयित टेबलावर ठेवता ना! पण बाराव्या शतकात श्रीहर्ष या वेदान्ती पंडिताने उदयनाचाच श्लोक उलटवला : विरोध व्हायला आधी शंका हवीच, मग तो विरोध शंकेला थांबवणार कसा? मी उदयनाच्या बाजूचा, तरी हा टोला मला अजून नीट परतवता आलेला नाही.

आमचे आण्णा मात्र यंदाही त्याच पाणाड्याला बोलवा म्हणतात. "शेजाऱ्याला लागलं की!" हा त्यांचा पुरावा.