निगेटिव्ह अहवाल लिहिण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

क्षयरोगाच्या प्रयोगशाळेत तू रुजू होणार असल्याचे कळले, आनंद झाला. तिथे तुला आधी झील-नीलसन रंजन शिकवतील: स्लाइडवर कार्बोल फुक्सिन ओतून वाफ येईपर्यंत तापवायचे, मात्र उकळू द्यायचे नाही, मग धुऊन सल्फ्युरिक आम्लाने रंग उतरवायचा आणि शेवटी मिथिलीन ब्लू द्यायचा. मायकोलिक आम्लाच्या मेणचट आवरणामुळे क्षयाचे जंतू आम्लालाही रंग सोडत नाहीत आणि निळ्या पार्श्वभूमीवर लाल, किंचित वाकलेले दंडाणू उठून दिसतात. हे हाताला लवकर बसते. मला लिहायचे आहे ते जिच्यावर काहीच लाल दिसत नाही अशा स्लाइडविषयी.

एक मिलिलिटर बेडक्यात साधारण 5,000 ते 10,000 जंतू असल्याखेरीज ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडत नाहीत. इतके जंतू बेडक्यात येतात की नाही, हे बरेचसे रोग्याच्या प्रतिकारशक्तीवर ठरते. श्वासावाटे फुप्फुसात गेलेला जंतू मॅक्रोफेज पेशी गिळतात, पण तो त्यांच्या आतच तग धरतो. मग प्रतिकारशक्तीच्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन सोडून मॅक्रोफेजना चेतवतात आणि सगळ्या मिळून जंतूंभोवती ग्रॅन्युलोमा नावाची गाठ बांधतात. बहुतेकांच्या बाबतीत प्रकरण तिथेच थांबते आणि लागण झालेल्यांपैकी सुमारे 5 ते 10 टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी रोग होतो. ज्यांची गाठ आतून पनीरासारखी भुसभुशीत होऊन पुढे विरघळते, त्यांच्या फुप्फुसात पोकळी पडते, आणि ती पाडण्यात शरीराच्या स्वतःच्या दाहाचा मोठा वाटा असतो. पोकळीचे तोंड श्वासनलिकेत उघडले की खोकल्याबरोबर जंतू भरभरून बाहेर पडतात आणि तुझी स्लाइड पॉझिटिव्ह येते.

आता एचआयव्हीमुळे टी पेशी घटलेला रोगी घे. पोकळी पाडण्याइतका दाहच त्याच्या शरीराला जमत नाही, म्हणून आजार बळावलेला असूनही त्याची स्लाइड पुष्कळदा निगेटिव्ह येते. लहान मुलांचेही असेच. त्यांच्यात जंतू थोडे असतात आणि बेडका काढताही येत नाही. तेव्हा स्लाइड सरकवत सूक्ष्मदर्शकातून दिसणारी 100 क्षेत्रे पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहू नकोस, आणि लिहिलेस तरी त्याचा अर्थ ‘क्षय नाही’ असा होत नाही, हे डॉक्टरांना सांगायला बिचकू नकोस. असे नमुने सीबीनॅट यंत्रावर किंवा गोव्यातल्या कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावर जायला हवेत. तिथे जंतूचा डीएनए शोधला जातो आणि रिफाम्पिसिन या क्षयावरच्या औषधाला तो दाद देईल का, हेही कळते.

क्षयजंतूंची प्रथिने त्वचेत टोचून करायच्या मान्टू चाचणीत तर आपण जंतू पाहतच नाही, शरीराची आठवण पाहतो. 48 ते 72 तासांनी त्वचेवरची कडक सूज मोजायची, लाली मोजायची नाही. कुपोषित रोग्यात ती सूज मुळीच न येण्याचा संभव असतो.

कुपोषणाला मी इतके महत्त्व का देतो, असे तू विचारशील. झारखंडमध्ये रुग्णांच्या घरच्यांना दरमहा पोषक शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातले क्षयाचे प्रमाण 39 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणून नमुन्यासोबतच्या अर्जावर रोग्याचे वय, वजन, मधुमेह आणि एचआयव्ही यांची नोंद आहे का, ते पाहत जा. नसेल, तर स्लाइड रंगवायला घेण्याआधी पाठवणाऱ्या दवाखान्यात फोन करून विचार.

तुझे सर