पगार : आपला आणि जकार्ताचा

प्रश्न : मुलाकडे जकार्ताला महिनाभर राहून आले. तिथे वेल्डिंगच्या दुकानांच्या पाट्यांवर ‘पगार’ हा शब्द सारखा दिसायचा. मुलगा म्हणाला, त्याचा अर्थ कुंपण. आपला पगार तिकडूनच आला का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही ताई. उच्चार जुळला तरी गोत्र वेगळं आहे.

त्यांचा ‘पगार’ तिथल्याच मातीतला, ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे आग्नेय आशियाच्या बेटांवरच्या भाषांच्या कुळातला. जावाच्या भाषेत ‘पगेर’ म्हणतात. संस्कृतातल्या ‘प्राकार’चं, म्हणजे तटाचं, प्राकृतात ‘पागार’ होतं. त्यामुळे नातं जोडायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण तो निव्वळ योगायोग.

आपला पगार पोर्तुगिजांच्या गलबतांतून आला. वसई १५३४ ते १७३९ त्यांच्याकडे होती, गोवा तर १९६१पर्यंत. पाव, बटाटा, चावी हे शब्दही त्यांचेच. त्यांच्या भाषेत ‘पगार’ हे क्रियापद : पैसे चुकते करणे. हॉटेलचं बिल भरणं हेही ‘पगार’च. आपण त्याचं नाम केलं आणि महिन्याच्या कमाईला लावलं.

त्याच्याही मागे लॅटिन ‘पाकारे’ आहे, शांत करणे. ‘पाक्स’ म्हणजे शांतता. ज्याचं देणं लागतो त्याला शांत करायचं, म्हणजे पैसे द्यायचे. इंग्रजी ‘पे’ फ्रेंचमार्गे याच मुळातून निघाला. पगार आणि पे-स्लिपमधला ‘पे’ ही चुलत भावंडं.

माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. पगाराच्या संध्याकाळी आई पाकीट उघडायची, आधी वाण्याचे पैसे मोजून माझ्या मुठीत द्यायची आणि मला पिटाळायची. वाणी वहीतल्या आमच्या पानावर पेन्सिलीने तिरकी रेघ ओढायचा. मी परत येऊन ‘मारली रेघ’ म्हटलं की आईचा आवाज एकदम खाली यायचा, मऊ व्हायचा. पुढे कित्येक वर्षांनी ‘पाकारे’चा अर्थ वाचला, तेव्हा तो आवाजच आठवला.

आणखी एक, मुलाला जरूर सांगा. इंडोनेशियात म्हण आहे, ‘पगार माकान तानामान’. माकान म्हणजे खाणे, तानामान म्हणजे लावलेली रोपं. कुंपणानेच शेत खाल्लं! शेजाऱ्यांना आपली म्हण समजावून सांगितलीत, तर लगेच ओळखतील.