रेड इंडियन, मूलनिवासी की आदिवासी?

प्रश्न असा आला आहे : पॉल केन या कॅनडाच्या चित्रकाराच्या चित्रांच्या लिलावावर मराठीत लिहायचं, तर चित्रांतल्या माणसांना रेड इंडियन म्हणावं, मूलनिवासी म्हणावं की आदिवासी?

केन १८४५ ते १८४८ या काळात कॅनडाच्या पश्चिमेकडे हिंडला, जागेवर रेखाटनं केली आणि टोरांटोत परतल्यावर त्यांवरून तैलचित्रं रंगवली. लेफ्रॉय या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं त्याने काढलेलं चित्र २००२ साली टोरांटोत सदबीजच्या लिलावात ५० लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेलं. चित्राचं शीर्षक ‘वायव्येकडील दृश्य : जॉन हेन्री लेफ्रॉयचं व्यक्तिचित्र’ असं आहे, म्हणजे नाव आहे ते लेफ्रॉयचं. त्याच्यामागे दिसणारी तिथली माणसं मात्र बिननावाची, ‘वायव्येकडील दृश्या’चा भाग म्हणून उरली आहेत. मला हे फार लागतं, आणि म्हणूनच निदान आपल्या मजकुरात तरी शब्द जपून वापरावेत असं वाटतं.

‘रेड इंडियन’ सरळ सोडावा. कोलंबसाचा गैरसमज आणि वर कातडीचा रंग, असं दुहेरी ओझं त्यात आहे. ‘मूलनिवासी’ला महाराष्ट्रात बहुजन चळवळीमुळे स्वतःचा राजकीय अर्थ आलेला आहे, तो इथे विनाकारण डोकावेल. ‘मूळ रहिवासी’ म्हटलं की तहसील कचेरीतला दाखला आठवतो.

माझं मत ‘आदिवासी’ला. हा शब्द वारली-कातकऱ्यांपुरताच आहे असं काहींना वाटतं, पण त्याच्या अर्थात तशी हद्द नाही. शिवाय तो आपल्याकडच्या आदिवासींनी आपला म्हणून धरलेला आहे. आदिवासी नेते जयपालसिंग मुंडा संविधान सभेत याच शब्दासाठी भांडले. ‘बनजाती’ (वनात राहणारी जात) हा शब्द त्यांना मान्य नव्हता.

तरीही समाजाचं नाव ठाऊक असेल तिथे तेच द्यावं : क्री, ओजिब्वे, मेटी (तिथले लोक आणि युरोपीय यांच्या मिश्र वंशाचा समाज). क्री स्वतःला नेहियावक म्हणतात, ओजिब्वे अनिशिनाबे. हे एकदा सांगून पुढे रूढ नाव चालवलं तरी वाचक अडत नाही.

जुन्या शीर्षकांचं काय? केनचं एक चित्र ‘हाफ ब्रीड्स रनिंग बफेलो’ या नावाने नोंदलेलं आहे. नोंद म्हणून ते अवतरणात तसंच ठेवावं, पण आपल्या वाक्यात ‘मेटी शिकारी बायसनच्या कळपामागे घोडे दौडवताना’ असं लिहावं. आणि तिथल्या बफेलोची मराठीत म्हैस करू नये.